सॅक भरली, पण अंगात काय?

वीकेण्ड ट्रेकची तयारी करताना आपण काय काय बघतो? बुटांचा सोल, सॅकचे पट्टे, टॉर्चची बॅटरी, डब्यात थेपले की पराठे. आणि अंगात काय घालायचं? कपाटात सगळ्यात वर जो टी-शर्ट असेल तो! मीही त्याच पंथातला. पण एका ऑक्टोबरात सागरगडाने माझा असा काही घाम काढला की, अंगाला लागून बसणारा पहिला कपडा ही काय चीज आहे ते कायमचं डोक्यात बसलं.

गंमत म्हणजे त्या दिवशी मी फुल्ल तयारीत होतो. अमेरिकेतल्या चुलतभावाने खास ‘बेस लेयर’ पाठवला होता. काळाकुट्ट, जाड, अंगाला घट्ट, मनगटापर्यंत बाह्या आणि गळा बंद. आरशात बघितलं तर स्वारी थेट एव्हरेस्टला निघालेली! ग्रुपमधला एक मित्र मात्र फॅशन स्ट्रीटवरून घासाघीस करून घेतलेल्या ढगळ, पातळ फुटबॉल जर्सीत आला होता. मी मनातल्या मनात त्याची कीव केली.

सकाळची अलिबाग एसटी वडखळ सोडून धरमतरच्या पुलावर आली आणि खिडकीतून खाडीची खारट, ओलसर हवा आत शिरली. याच धरमतरहून गेटवे ऑफ इंडियापर्यंत साधारण ३६ किलोमीटर अंतर पोहणारे जलतरणपटू आहेत. त्यांच्या अंगावर काय, तर पोहण्याचा पोशाख आणि कातडी घासू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस. आणि इथे मी, जेमतेम १३५० फुटांच्या गडासाठी हिमालयाचा कपडा चढवून बसलेला. मुक्कामाला पोहोचायच्या आधीच पाठीवरून धारा लागल्या होत्या.

कार्लेखिंड ओलांडून खंडाळ्याला उतरलो (लोणावळ्याजवळचं नव्हे, अलिबागजवळचं!) आणि चालायला लागलो. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत तग धरला. पुढे माचीच्या वाटेवर डोकं ठणकायला लागलं, पोटऱ्यांत गोळे आले, मळमळायला लागलं. जर्सीवाला मित्र आरामात पुढे! माचीवरच्या एका घराच्या ओटीवर मला बसवलं. तिथल्या मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘पाणी मागनं पी. आधी अंगातला तो काढ.’’ तो काढला, सावलीत बसलो, अंगावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट प्यायलो. तासाभराने माणसात आलो. गडमाथा राहिला तो राहिलाच.

नंतर कळलं की मावशींचं फिजिक्स पक्कं होतं. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण सुकला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला तर! जमिनीवर टपटप गळलेला घाम फुकट जातो, आपल्याला गार करत नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम मुळातच कष्टाने सुकतो. त्यात जाड आणि घट्ट कपडा घातला की उरलीसुरली हवाही बंद. कपड्यात काही दोष नव्हता. तो थंडीसाठी होता, मी तो ऑक्टोबर हीटमध्ये घातला.

मग काय, सुती टी-शर्ट झिंदाबाद? थांबा! पुढच्याच जुलैत आम्ही तीच वाट पुन्हा धरली. या वेळी बळीचा बकरा दुसरा मित्र, अंगात जाडजूड कॉटनचा टी-शर्ट. चढताना मस्त मजेत होता. वानरटोकाच्या बाजूला उघड्यावर आलो, वाऱ्यासकट पाऊस झोडपायला लागला आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचे दात वाजायला लागले. कडाक्याची थंडी अजिबात नव्हती. पण भिजलेलं कॉटन अंगाला चिकटलेलं आणि वर वारा. घाम सुकताना जी उष्णता जाते, तीच पावसाचं पाणी सुकतानाही जाते. फक्त आता ती जायला नको असते. सॅकमधला कोरडा टी-शर्ट आणि वरून विंडचीटर चढवल्यावर स्वारी बोलायला लागली.

इथे धाग्याचा हिशेब उपयोगी पडतो. नेहमीच्या हवेतला ओलावा कॉटन आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के पितं, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टर पटकन वाळतं. त्याचा तोटा परतीच्या एसटीत कळतो, शेजारचा माणूस जागा बदलतो! मरिनो लोकरीला वास कमी धरतो आणि ती ओली असतानाही बऱ्यापैकी ऊब देते. पण ती महाग, आणि आपल्या सह्याद्रीत वर्षातले फार थोडे दिवस तिची खरी गरज.

आणि आपल्या आजोबांच्या जाळीच्या बनियनला हसू नका बरं का! १९३३ मध्ये नॉर्वेच्या हेन्रिक ब्रुन या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यांपासून असाच बनियन बनवला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या सामानातही जाळीचे बनियन होते. वर दुसरा कपडा असेल तर भोकांमधली हवा ऊब धरते, वरचा कपडा काढला की घाम सुकायला वाट मोकळी. धरमतरच्या कोळ्याला हे सांगितलं, तर तो म्हणेल, जाळं आमचं आणि नाव तुमचं!

थोडक्यात काय, तर खरेदीला जाताना एवढं बघा :

* शर्ट उजेडासमोर धरा. उन्हाळी ट्रेकसाठी उजेड आरपार दिसेल इतका पातळ हवा. लेबलवर जीएसएम असेल तर १५० च्या आतला उत्तम. २५० चा थंडीच्या मुक्कामासाठी ठेवा.
* आपल्या हवेत माप थोडं ढगळ घ्या. बर्फात जायचं असेल, तेव्हा अंगाबरोबर.
* सॅकचा पट्टा बसतो तिथे खांद्यावर जाड शिवण नको. हात वर करून बघा, शर्ट कमरेवरून वर सरकता कामा नये.
* घरी आणल्यावर तो आणि जुना कॉटनचा टी-शर्ट दोन्ही भिजवून, पिळून गॅलरीत वाळत घाला. कोण आधी वाळतं ते बघा. जाहिरातीपेक्षा दोरी खरं बोलते.
* सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा शर्ट कायम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : डोकं ठणकलं, मळमळलं की तिथेच थांबा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपायला लागली, तर प्रकरण शर्टाच्या पलीकडे गेलंय. त्याला सावलीत घ्या, पाण्याने भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

माझा तो काळा बेस लेयर अजून आहे. हिमालयात एकदा त्याने जिवाला जीव दिला. सागरगडावर मात्र मी फुटबॉल जर्सी घालून गेलो आणि माथा गाठला. येताना माचीवर मावशी भेटल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘आता कसा माणसासारखा आलास!’’