पट्टा सोडण्याआधी...

डिसेंबरची सकाळ, गुहागरचा लांबलचक किनारा, गार वारा आणि सोबत आपला लाडका कुत्रा. रील तर बनणारच! पण दोस्तांनो, त्याचा पट्टा सोडण्याआधी जरा थांबा. याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरेक अंडी पुरते आणि समुद्रात परत जाते. पुढचे दीड-दोन महिने अंड्यांवर पांघरूण फक्त वाळूचं. कुत्र्याला वास लागला, की तो उकरणारच. त्याचा काय दोष? कासवमित्र पहाटे गस्त घालून अंडी कुंपणात हलवतात, पण प्रत्येक घरटं वेळेत सापडेलच असं नाही. म्हणून पट्टा हातातच ठेवा. वाळूत फरफटल्यासारखा माग दिसला, तर गावात कळवा. तुमचा कुत्रा मजेत फिरेल आणि ती पिल्लंही समुद्र गाठतील.