चार महिन्यांचे बिऱ्हाड

'भाड्याचे घर आणि खाली कर' अशी एक म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. भाडेकरूच्या जिण्यातील अस्थैर्य तिने मोजक्या शब्दांत सांगितले. परंतु त्या म्हणीतल्या माणसाला खाली करण्यापुरते तरी घर मिळालेले होते. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्यांच्या वाट्याला तेवढेही भाग्य येत नाही. ही माणसे एकटी असतात, शहरात त्यांचे कायमचे काम नसते आणि त्यांना एक-दोन, फार तर चार महिन्यांपुरतेच छप्पर हवे असते. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी सावंतवाडीहून आलेली परिचारिका, पुराभिलेखातील जुनी पोर्तुगीज दप्तरे चाळण्यासाठी पणजीत उतरलेला संशोधक, नव्या नोकरीचा परीक्षाकाळ पुरा करणारा बेळगावचा तरुण, आजारी नातलगाच्या उशापायथ्याशी बसण्यासाठी कारवारहून आलेली प्रौढ विधवा. किंवा उलट दिशेने, उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात गेलेला आपला गोमंतकीय. यांतला कोणीही हौसेचा प्रवासी नव्हे, आणि कोणी फुकटही राहू मागत नाही. तरीही शहराचे दार त्यांच्यापुरते बंद होत चालले आहे.

असे का व्हावे? आजच्या भाडेबाजारात दोनच फळ्या उरल्या आहेत. एकीवर रात्रीच्या हिशेबाने विकली जाणारी खोली आहे, तर दुसरीवर अकरा महिन्यांचा करार. या अकरा महिन्यांत कसलेही गूढ नाही. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागतो; ते टाळण्यासाठी मालकांनी एक महिना कापला आणि कायद्यातील पळवाटेची रूढी झाली. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती वाटही बंद केली. तेथे घर वापरायला देण्याचा प्रत्येक करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणीही करावी लागते. मग दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी अकरा महिन्यांइतकाच खटाटोप करायचा असेल, तर मालक दोन महिन्यांचा पाहुणा कशाला पत्करील?

दुसऱ्या फळीवरचे गणित तर त्याहून निष्ठुर आहे. एखाद्या खोलीला रात्रीचे दोन हजार रुपये मिळतात असे क्षणभर धरून चालू. महिन्यात पंधराच रात्री ती भरली तरी मालकाच्या हाती तीस हजार पडतात. प्रशिक्षणार्थी परिचारिकेने त्याच खोलीसाठी महिन्याला एवढे पैसे कोठून आणावेत? त्यातून दलालीला एका महिन्याचे भाडे मोजावे लागले, तर दोनच महिने राहणाऱ्यास ते घर दीडपटीने पडते. शिवाय अनामत रक्कम वेगळी, आणि जाताना ती परत मिळण्याची भ्रांत वेगळी.

पैशाची बाब येथे संपली असती तर आम्ही तिला बाजाराचा न्याय म्हणून सोडून दिले असते. पण घर पाहायला गेलेल्या एकट्या माणसाला भाड्याच्याही आधी विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. 'एकटेच का?' पुरुष असेल तर तो दंगा करील, स्त्री असेल तर तिच्याकडे कोणकोण येईल, असे त्या प्रश्नामागचे तर्कशास्त्र. त्यानंतर आडनाव, आडनावावरून जात, जातीवरून ताट. संध्याकाळी सातनंतर कोणी भेटायला यायचे नाही, स्वयंपाकघर वापरायचे नाही, अमुक शिजवायचे नाही, अशा अटींची माळ पुढे सरकते. जिने वैद्यकातील कठीण परीक्षा उत्तीर्ण केली, जिच्या हाती रात्रपाळीत डझनभर रुग्णांचे प्राण असतात, ती स्त्री आपल्या घरमालकिणीच्या लेखी स्वतःचा दरवाजा सांभाळण्यासही नालायक ठरते!

आमच्या वाचकांना हे वाचून राग येईल, आणि तो यावा अशी आमची इच्छा आहे. परंतु त्या रागाचा थोडा अंश आपण स्वतःसाठी राखून ठेवला पाहिजे. मुंबईतील कित्येक इमारतींत आपल्या सारस्वताला, भंडाऱ्याला, दैवज्ञाला 'तुम्ही मासे खाता' एवढ्याच कारणावरून घर नाकारले गेल्याच्या कथा गोव्यात घरोघर सांगितल्या जातात. त्या सांगताना आपला स्वर केवढा दुखावलेला असतो! आणि तेच आपण पर्वरीला किंवा ताळगावला दुसरी सदनिका घेतली, की येणाऱ्याचे आडनाव प्रथम विचारतो. आपल्याकडे मासळीऐवजी दुसऱ्याच कशाचा तरी विटाळ निघतो, इतकाच फरक. ज्याला दारावरून परत फिरण्याचे दुःख ठाऊक आहे त्याने ते दुसऱ्याला द्यावे, ही गोष्ट आम्हांस अधिक लाजिरवाणी वाटते.

कायदा या बाबतीत फारसा हात देत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एका समाजापुरतेच सभासदत्व ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. मात्र राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, जात, लिंग यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. म्हणजे हॉटेलचालकाला जे करता येत नाही ते सदनिकेच्या मालकाला करता येते. पण जी सदनिका वर्षभर रात्रीच्या दराने लोकांना दिली जाते, ती आता घर राहिली की हॉटेल झाली? आमच्या मते ती हॉटेलच होय. आणि हॉटेलचा नफा घेणाऱ्याने हॉटेलचे कर्तव्यही शिरावर घेतले पाहिजे.

मालकांच्या बाजूला काहीच तथ्य नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुंबईत १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, आणि कित्येक मालकांना आपल्याच घरात पुन्हा पाऊल टाकता आले नाही. गोव्यात इमारतींच्या भाड्याचे नियंत्रण करणारा कायदा १९६८ साली आला, कुळांना १९६४च्या आणि मुंडकारांना १९७५च्या कायद्याने संरक्षण मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर जगलेल्या माणसाला हे संरक्षण मिळणे न्याय्यच होते. पण त्याच्याबरोबर एक भयही घराघरांत शिरले. 'एकदा आत घेतला की बाहेर निघायचा नाही' हे ते भय. त्या भयापोटी मालक घराला कुलूप लावून मुंबईला वा दुबईला निघून जातो. २०११च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले. एका बाजूला कुलपे गंजत आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणसे बॅगा घेऊन दारोदार हिंडत आहेत, यासारखा विपर्यास दुसरा कोणता असेल?

आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न नव्हता असे नाही. त्यांनी त्याची उत्तरे आपल्या परीने शोधली होती. फोंडा महालातील देवस्थानांच्या अग्रशाळांत दूरवरून आलेला महाजन व भाविक दोन दिवस निश्चिंत पाठ टेकू शकत असे. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या हिंदू गोमंतकीयाला गिरगावच्या चाळीतला नातेवाईक आणि जवळची खाणावळ तारून नेई. आपल्या ख्रिस्ती बांधवांनी तर त्याहून पुढचे पाऊल टाकले. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावागावांच्या नावाने कूड उभारले. जहाजावरून उतरलेला खलाशी पुढचे जहाज मिळेपर्यंत तेथे राही. ट्रंक ठेवायला जागा, जमिनीवर पसरायला वळकटी आणि संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थना, एवढ्यावर त्याचे महिने निघत. एकट्या माणसाच्या अल्पकाळच्या निवाऱ्याची इतकी सुटसुटीत व्यवस्था आमच्या पाहण्यात दुसरी नाही. आणि ज्याला ना नाते ना गाव, त्याच्यासाठी गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्ण व त्यांचे नातलग आजही आसरा घेतात. परळला नाना पालकर स्मृती समिती हेच काम करीत आली आहे.

या व्यवस्थांचे दोष आम्ही झाकू इच्छित नाही. अग्रशाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, कूड गावापुरता होता, आणि चाळीतल्या नातेवाइकाकडे राहणाऱ्याला उपकाराचे ओझे जन्मभर वाहावे लागे. स्त्रीला तर यांपैकी बहुतेक ठिकाणी एकटीने राहण्याची सोयच नव्हती. तेव्हा जुने ते सोने म्हणून उसासे टाकण्यात अर्थ नाही. पण त्यामागची एक समज मोलाची होती. माणसाला परगावी जावे लागते आणि त्याची व्यवस्था बघणे हे समाजाचे काम आहे, ही ती समज. ती आपण गमावली आणि तिच्या जागी केवळ दरपत्रक आणून ठेवले.

आता करावयाचे काय? पहिली जबाबदारी शासनाची. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्यास संमती दिली. निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, तंटे ठरावीक मुदतीत सोडवण्यासाठी स्वतंत्र भाडे प्राधिकारी व न्यायालये असावीत, या त्यातील तरतुदी भाडेकरू व मालक या दोघांनाही दिलासा देणाऱ्या आहेत. परंतु घरभाडे हा राज्यांचा विषय असल्याने राज्याने तो स्वीकारल्याखेरीज त्या कागदावरच राहतात. त्यात एका ते सहा महिन्यांच्या वास्तव्यासाठी एकपानी, सोपा, मुदत संपताच निःसंदिग्धपणे संपणारा करार घातला, तर मालकाचे भय आणि पाहुण्याची वणवण दोन्ही कमी होतील.

दुसरे असे की, पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीसाठी गोव्यात १९८२पासून कायदा आहे. त्याची अंमलबजावणी काटेकोर झाली तर कोणती सदनिका घर आहे आणि कोणती धंदा, हे तरी स्पष्ट होईल. जगातील मोठी शहरे याच प्रश्नाशी झगडत आहेत. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबी सुरू झाली आणि काही वर्षांतच घरे पर्यटकांकडे वाहू लागली. न्यूयॉर्कने २०२३पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यावर नोंदणीची आणि यजमानाने स्वतः घरात राहण्याची अट कडकपणे लागू केली. बार्सिलोनाने पर्यटक सदनिकांचे परवाने २०२८पर्यंत संपवण्याचा निर्णय जाहीर केला. आपण त्यांची नक्कल करावी असे आम्ही सुचवत नाही, कारण गोव्यातील अनेक सामान्य कुटुंबांची चूल त्या एका खोलीच्या भाड्यावर पेटते. मात्र एकाच मालकाच्या दहा-दहा सदनिका आणि आपल्याच घरातील एक खोली पाहुण्यास देणारी विधवा, यांना एका मापाने मोजणे बरोबर नव्हे.

तिसरी जबाबदारी आपली, म्हणजे समाजाची. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांसाठी केंद्राची योजना १९७२-७३पासून आहे. पणजी, मडगाव, म्हापसा येथे अशा वसतिगृहांत महिन्या-दोन महिन्यांच्या पाहुणीसाठी काही खोल्या राखून ठेवता येतील. आपल्या देवस्थानांपाशी जागा आहे, पैसा आहे, परंपरा आहे. बांबोळीला येणाऱ्या रुग्णाच्या नातलगासाठी, जात न विचारता आणि रास्त भाडे घेऊन, त्यांनी एखादी नवी अग्रशाळा शहराजवळ उभारली, तर देवाला ती सुवर्णकलशाहून अधिक आवडेल, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर एकट्याने निघालेल्या प्रवाशाने स्वतःस जपले पाहिजे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. स्वतःस बदली झालेला लष्करी अधिकारी म्हणवून आगाऊ रक्कम मागणारे भामटे आज सर्वत्र आहेत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. करार लेखी घ्यावा, अनामत कधी व कशी परत मिळेल हे त्यात लिहून घ्यावे, वीज-पाण्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे हे आधी विचारावे, आणि गृहनिर्माण संस्थेची अल्पमुदतीच्या भाडेकरूस संमती आहे याची खात्री करावी. पोलिसांकडील नोंदीला कंटाळू नये; ती मालकाइतकीच पाहुण्याच्याही हिताची असते.

गोव्याच्या आतिथ्याचे गोडवे शासनाच्या जाहिरातींतून रोज गायले जातात. चार दिवस समुद्रकिनारी येऊन पैसे उधळणाऱ्याचे स्वागत करण्यास मात्र आतिथ्य लागत नाही, तेथे व्यवहार पुरतो. आपल्या रुग्णांची सेवा करायला, आपल्या मुलांना शिकवायला, आपला इतिहास वाचायला जो एकटा येतो, त्याला चार महिन्यांचे बिऱ्हाड मानाने थाटता येते की नाही, यावर या भूमीच्या आतिथ्याची परीक्षा व्हावयाची आहे. ज्यांच्या हाती एखाद्या रिकाम्या घराची किल्ली आहे त्यांनी पुढच्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला 'एकटेच का?' असे विचारण्याऐवजी 'किती दिवस राहणार?' एवढेच विचारावे. कायदा बदलायला वर्षे लागतील. हा एक प्रश्न बदलायला तेवढा काळ लागण्याचे कारण नाही.