पिकतं तिथं पगार वाढत नाही

बढती झाली की पेढे वाटावेत, ही चाल कुणा मिठाईवाल्यानं पाडलेली असावी. पगारपत्रक नीट वाचणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत आहे. बढतीचे पेढे घेऊन तो बेंबळीला आला. मी पडलो बँकेतला कारकून. पेढा तोंडात टाकण्याआधी आकडा विचारला.

"मामा, पन्नास हजारांचे पंचावन्न झाले. बढतीला दहा टक्क्यांच्या वर द्यायचं नाही, अशी पॉलिसी आहे."

"आणि हाताखाली किती?"

"सहा जण. त्यातला एक बाहेरून नवीन आलाय. त्याला बासष्ट आहेत. काम मीच शिकवतोय त्याला."

पेढा घशात अडकला. पूर्वी शिष्य गुरुदक्षिणा देत असे. इथं ती गुरूच्याच पगारातून कापलेली!

आता बढतीत फार काही मिळत नाही, हे मला नवीन नाही. सरकारी नोकरीत सातव्या वेतन आयोगापासून, म्हणजे २०१६ पासून, बढतीला तीन टक्क्यांची एक वेतनवाढ देतात आणि वरच्या स्तरात तेवढ्याच किंवा लगेच पुढच्या आकड्यावर नेऊन बसवतात. आम्हा सरकारी बँकवाल्यांचा बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ रोजी झाला. त्यात क्लार्कचं मूळ वेतन ६४,४८० पर्यंत चढतं आणि ऑफिसरचं ४८,४८० पासून सुरू होतं. म्हणजे जुना क्लार्क साहेब झाला की ओव्हरटाइम जातो, बदलीची ऑर्डर येते आणि पगार जेमतेम हलतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! पण निदान तक्ता छापलेला असतो आणि बाहेरून आलेला साहेबही त्याच तक्त्यात बसतो. भाच्याच्या कंपनीत मात्र घरच्याला टक्केवारी आणि पाहुण्याला बाजारभाव.

कंपनी म्हणते, सगळ्यांनाच भरघोस दिलं तर बजेट कोसळेल. मीही बी.कॉम. आहे, खर्चाची धास्ती मला कळते. पण बाहेरच्याला बासष्ट मोजताना हेच बजेट ताठ कसं उभं राहतं? माणूस शोधून देणाऱ्या एजंटाची फी आणि नवा माणूस शिकेपर्यंतचे महिने कुणाच्या नावे टाकायचे?

आमच्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचं नवं साल ठरतं. शेजारच्या आबांना मी ही दहा टक्क्यांची गोष्ट सांगितली. आबा तंबाखू मळता मळता थांबले.

"गेल्या साली काय दिलतं त्याच्यावर कुटं साल ठरतं व्हय? शिवारात काय चाललंय ते बघायचं. न्हाई दिलं तर गडी दुसऱ्याच्या शेतावर. मंग औताला कोण, मालक?"

सालगड्याचं जिणं सुखाचं आहे, असं मी म्हणत नाही. उचल फिटता फिटत नाही त्याची. पण त्याचा भाव शिवार ठरवतं, जुनी वही नव्हे. सोयाबीनसुद्धा गेल्या वर्षीच्या पट्टीवर दहा टक्के लावून कुणी विकत नाही. मग माणूसच तेवढा का?

माझी मागणी साधी आहे. काम वरचं दिलंत, तर भावही वरच्याच कामाचा द्या. तो द्यायचा नसेल तर बढती म्हणू नका, कामवाढ म्हणा. आम्ही पेढे आणणार नाही.

शेवटी भाच्यानं राजीनामा टाकला. त्याच दिवशी संध्याकाळी कंपनीला सत्तर हजार सापडले!

"आणि ती पॉलिसी?" मी विचारलं.

"अपवाद म्हणून करतो म्हणाले."

म्हणजे नियम होता तो फक्त न जाणाऱ्यांसाठी. निष्ठेवर लावलेला दंडच म्हणा ना!

भाचा थांबला नाही. त्याच्या जागेवर आता बाहेरून माणूस शोधताहेत म्हणे. परवा तो नव्या नोकरीचे पेढे घेऊन आला. या वेळी आकडा न विचारता मी दोन उचलले.