कर्ज आम्हाला, अनुदान कुणाला?

आपल्या मुलाने धंद्याचे नाव काढले की सगळ्यांचे बोट कर्जाकडे जाते. महात्मा फुले महामंडळ, मुद्रा, 2016 ची स्टँड-अप इंडिया. पण नवे यंत्र, नवे औषध शोधणाऱ्या छोट्या उद्योगाला सरकार परत न करायचा पैसाही देते, हे परळ-लालबागच्या किती मुलांना ठाऊक आहे? बायरॅकच्या 'बिग' योजनेत 50 लाखांपर्यंत अनुदान आहे. 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुना बनवायला 20 लाखांपर्यंत होते.

फरक नुसता पैशाचा नाही. प्रयोग फसला तर अनुदानवाला दुसरा प्रयोग करतो. कर्जवाल्याच्या दारात बँक येते. फसण्याची मुभा हीच या देशातली सर्वात मोठी सवलत आहे, आणि तिला कुणी आरक्षण म्हणत नाही!

'यात जात कुठे आली?' असे विचारणारे भेटतातच. सीड फंडाचा पैसा इन्क्युबेटरमार्फत मिळे. तिथे सादरीकरण, इंग्रजी, ओळखीचा मार्गदर्शक लागतो. हे बीडीडी चाळीतल्या पोराने कुठून आणायचे? गटारात उतरणाऱ्याला कोणते अवजार कुठे अडते हे नेमके कळते, पण त्याच्या ज्ञानाला 'इनोव्हेशन' म्हणणारा परीक्षक समितीत बसलेला नसतो. याच मुंबईत बाबासाहेबांनी शेअर-सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला होता. ज्ञान कमी नव्हते. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटले.

2020 साली बाबासाहेबांच्या नावाने आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन आले. तीन वर्षांत 30 लाख. पण ते भागभांडवल, अनुदान नव्हे. नाव आमचे, हिस्सा फंडाचा.

2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी व कंपन्यांनी 4 टक्के खरेदी एससी-एसटी उद्योजकांकडून करायची आहे. तत्त्व तिथे मान्य, मग संशोधनाच्या पैशात का नाही? अर्ज किती, मंजूर किती, हे प्रवर्गनिहाय आकडे प्रत्येक योजनेने जाहीर करावेत. त्यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज आपणच टाकायचे आहेत.

फेलोशिपसाठी आपण आझाद मैदानात बसतो, बसलेच पाहिजे. पण पीएचडी झालेल्या आपल्या रसायनशास्त्राच्या मुलीला पुढे कंपनी काढून 'बिग'चा अर्ज भरावासा वाटला, तर तो तपासून देणारा एक तरी माणूस आपल्या संघटनेत आहे का? जयंतीच्या वर्गणीतून दादरला अशी अर्जशाळा भरवायला काय हरकत आहे? डीजेपेक्षा स्वस्तच पडेल.

जय भीम.