बर्फावरच्या फळीचा पन्हा

कापडाच्या दुकानात आलेले नवखे गिऱ्हाईक 'किती मीटर लागेल' एवढेच विचारते. जाणता दुकानदार मात्र आधी पन्हा सांगतो. कारण पन्हा चुकला की मीटरचा सारा हिशेब चुकतो. स्नोबोर्डच्या खरेदीत नेमके हेच घडते. बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी वापरावयाच्या या फळीची लांबी हनुवटीपर्यंत असावी की नाकापर्यंत, यावर दुकानात बराच खल होतो. रुंदीचा प्रश्न मात्र 'साधा बोर्ड की रुंद बोर्ड' एवढ्या एका वाक्यात मिटविला जातो. ज्याला केवळ घसरत खाली यायचे आहे, त्याचे यावर निभावते. ज्याला 'कार्व्हिंग' करावयाचे आहे, त्याचे निभावत नाही. आणि त्याचा प्रत्यय दुकानात न येता भर वेगात, उतारावर येतो.

शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने परदेशी असलेली आणि हिवाळी सुट्टीत आल्प्सच्या उतारांवर किंवा गुलमर्गला जाणारी तरुण मंडळी आता अनेक घरांत आढळतात. साधन महाग, सुट्टी थोडी आणि पडण्याचा धोका खरा. अशा वेळी रुंदीचे गणित आधीच समजून घेणे सर्वांच्याच हिताचे ठरते.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्किगन या गावी शर्मन पॉपन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली. तिला 'स्नर्फर' हे नाव मिळाले. तिच्यावर पाय बांधलेले नसत. पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हाती धरून तोल सावरावा लागे. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँट राज्यात बोर्ड बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. पाय फळीला पक्के बांधले गेले, कडांना पोलादी धार आली, आणि १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथे हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. पाय बांधले गेले आणि धार आली, तेव्हापासूनच रुंदीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

कार्व्हिंग म्हणजे काय?

साधे वळण घेताना फळी थोडी आडवी होऊन बर्फ खरवडत जाते. मागे रुंद, विस्कटलेला पट्टा उमटतो आणि वेग कमी होतो. कार्व्हिंगमध्ये फळी एका कडेवर कलते आणि तिची धार बर्फात रुतून स्वतः कापलेल्या खाचेतूनच पुढे जाते. मागे राहते ती पेन्सिलीने काढावी तशी एकच बारीक, वळणदार रेघ. फळीच्या दोन्ही बाजू आत वळलेल्या असतात, तिला मध्यभागी कंबर असते, म्हणूनच हे साधते. फळी कलली की ही कमान बर्फाला टेकते आणि फळी आपोआप वळते. जितका कल अधिक, तितके वळण आखूड.

हा कल किती लागतो, हे साध्या आकडेमोडीने कळते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या व्यक्तीने १० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर तोल राखण्यासाठी तिला सुमारे ४५ अंश आत झुकावे लागते. त्याच वेगात वळणाची त्रिज्या ८ मीटर झाली की हा कोन ५२ अंशांच्या आसपास जातो. निष्णात मंडळी याहूनही अधिक झुकतात; त्यांचा हात, कधी कधी कोपरही बर्फाला टेकते. याचा अर्थ, कार्व्हिंग करणाऱ्याची फळी ५०-६० अंश कलली तरी तिच्याखेरीज दुसरे काहीही बर्फाला लागता कामा नये.

अडथळा बुटाचा

लागते ते बूट. स्नोबोर्डवर पाय फळीला आडवे बांधलेले असतात. त्यामुळे बुटाचा पुढचा भाग एका कडेबाहेर आणि टाच दुसऱ्या कडेबाहेर थोडी डोकावते. फळी पुरेशी कलली की बाहेर आलेला हा भाग बर्फात रुततो. बूट टेकताच शरीराचा भार त्यावर येतो, धार बर्फातून उचलली जाते आणि ज्या धारेच्या आधारावर सारा देह झुकलेला होता तो आधारच नाहीसा होतो. सूचना न देता, एका क्षणात पडणे होते. पडताना माणूस सहज हात पुढे करतो. स्नोबोर्डवरील दुखापतींत मनगटाच्या दुखापती सर्वाधिक आढळतात, हे येथे लक्षात ठेवलेले बरे.

आता आकडे मांडून पाहू. समजा, पावलाची लांबी २७ सें.मी. आणि बुटाची बाहेरून लांबी २९.५ सें.मी. आहे. पायाखाली फळीची रुंदी २६ सें.मी. आहे. फळीची जाडी आणि बाइंडिंगचा तळ धरून बूट बर्फापासून सुमारे ३ सें.मी. उंच आहे. पाय अगदी आडवा, म्हणजे शून्य अंशावर बांधला, तर बूट एकूण साडेतीन सें.मी. बाहेर येतो, दोन्हीकडे समान वाटल्यास प्रत्येक बाजूस पावणेदोन. अशा स्थितीत फळी सुमारे ६० अंश कलली की बूट टेकतो. मात्र बाइंडिंग मध्यावर न बसविल्याने बूट पुढे ३ आणि मागे अर्धा सें.मी. आला, तर चवड्याकडच्या वळणात तो ४५ अंशांवरच टेकेल. फळी तीच, बूट तोच; केवळ बसविण्यातील दुर्लक्षाने १५ अंश गेले.

पाय बांधण्याचा कोन बदलला की हिशेब पुन्हा पालटतो. १५ अंशांवर तोच बूट फळीच्या रुंदीत सुमारे २८.५ सें.मी. जागा घेतो आणि ६७ अंशांपर्यंत वाव मिळतो. ३० अंशांवर तो २५.५ सें.मी.वर येतो, म्हणजे जवळजवळ फळीच्या आतच सामावतो. बुटालाही रुंदी असल्याने प्रत्यक्षात तो यापेक्षा थोडी अधिक जागा घेतो, आणि धार बर्फात रुतत असल्याने बूट या कोनांच्या थोडा आधीच टेकतो. म्हणून हे आकडे काठोकाठ न धरता थोडी शिल्लक राखूनच धरावेत.

मग सर्वांत रुंद फळीच का घेऊ नये?

येथे जमेच्या बाजूला लगेच खर्च येऊन उभा राहतो. धारेवर दाब पडतो तो चवड्याने आणि टाचेने. ती धारेच्या जवळ असतील तर थोड्या प्रयत्नाने फळी कलते. फळी फार रुंद असेल, तर पाऊल तिच्या मध्यभागीच राहते आणि प्रत्येक वळणाला तिला अक्षरशः उचलून कलवावे लागते. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यास वेळ लागतो. लागोपाठच्या आखूड वळणांत हा विलंब जाणवतो.

दुसरा खर्च घोट्यांचा. फळी कललेली असताना बर्फाचा दाब धारेवर येतो आणि पायाचा मध्य त्यापासून अर्ध्या रुंदीइतका दूर असतो. २६ ऐवजी २८ सें.मी. रुंदीची फळी घेतली, तर हे अंतर १३ वरून १४ सें.मी. होते आणि त्याच दाबासाठी घोट्यावर येणारा पीळ सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. पहिल्या तासात हे कळत नाही. सकाळच्या कडक बर्फावर दोन-तीन तास काढल्यावर घोटे आणि पोटऱ्या बोलू लागतात. आणि थकलेल्या पायांनीच चुका अधिक होतात.

अरुंद फळीच्या टोकाचे उदाहरण शर्यतीत दिसते. समांतर जायंट स्लॅलम या प्रकारातले खेळाडू कडक बूट घालतात आणि पाय ५० ते ६५ अंशांत, जवळजवळ पुढे तोंड करून बांधतात. पाय असे वळल्यामुळे त्यांना अवघी १८ ते २१ सें.मी. कंबर असलेली फळी पुरते आणि ती क्षणात कड बदलते. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेका यांनी २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि त्याच स्पर्धेत स्कीच्या सुपर-जी शर्यतीतही सुवर्ण पटकावले. परंतु त्यांच्यासारखी अरुंद फळी घेऊन तिच्यावर मऊ बूट १५ अंशांवर बांधणारा पहिल्याच खोल वळणात पडेल. फळी, बूट आणि कोन हे तिन्ही मिळून एकच सौदा आहे. त्यातील एकच वस्तू दुसऱ्याचे पाहून उचलता येत नाही.

माप कसे घ्यावे?

प्रथम पाऊल मोजावे. भिंतीला टाच टेकवून, पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सें.मी.मध्ये घ्यावे. दोन्ही पावले मोजून मोठे माप धरावे. देशोदेशीचे बुटांचे क्रमांक निराळे असतात, सें.मी. मात्र सर्वत्र सारखे.

त्यानंतर कोन ठरवावा. गुडघ्यांना जो सहज मानवतो तोच कोन धरावा. केवळ अरुंद फळी जमावी म्हणून पाय नको तितका वळवू नये.

मग फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर त्या कोनात अनवाणी उभे राहावे. बोटे आणि टाच दोन्ही धारांना जेमतेम पोहोचत असतील, तर रुंदी योग्य. बूट घालून प्रत्येक बाजूस एक ते सव्वा सें.मी. बाहेर आला तरी चालतो. पाऊल अनवाणीच बाहेर जात असेल तर फळी अरुंद. बूट घालूनही धारेच्या बराच आत राहत असेल तर ती रुंद.

फळीवर छापलेला आकडा कंबरेचा, म्हणजे सर्वांत अरुंद जागेचा असतो. पाय तेथे नसतात. ते कंबरेच्या दोन्ही बाजूंना असतात आणि तेथे रुंदी साधारण एक सें.मी. अधिक भरते. पट्टी लावायची ती पायाच्या जागी. शेवटी बाइंडिंग पुढे-मागे सरकवून बूट दोन्हीकडे सारखा बाहेर येतो की नाही, हे पाहावे. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. भाड्याने फळी घेतानाही दुकानदाराकडे एवढा आग्रह धरण्यात संकोच बाळगू नये.

मुलांच्या बाबतीत एक सवय मोडावी लागेल. 'वाढते अंग आहे' म्हणून एक-दोन क्रमांक मोठे बूट घेण्याची आपल्या घरांची काटकसर शाळेच्या बुटांत शोभते. येथे ती महागात पडते. मोठा बूट धारेबाहेर अधिक येतो, आणि आत टाच उचलली जात असल्याने फळीवरचा ताबाही सुटतो. मुलांचे साहित्य मोसमापुरते भाड्याने घेणे, हीच येथे खरी काटकसर होय.

बर्फाचा प्रकारही पाहिला पाहिजे. यंत्राने सपाट केलेल्या, घट्ट उतारांवर कार्व्हिंगचा खरा आनंद असतो. आल्प्समध्ये असे उतार विपुल आहेत. गुलमर्गची ख्याती मात्र अफरवतच्या उतारांवरील खोल, मऊ बर्फासाठी आहे. तेथे फळी किंचित रुंद असली तर बर्फावर तरंगण्यास साह्यच होते. कोठे जायचे हे ठरल्यावरच फळी ठरवावी, आणि दोन्हीकडे जायचे असेल तर एकाच फळीकडून सर्व काही मागू नये.

थोडक्यात, रुंदीला स्वतःचे असे मोठेपण नाही. ती पावलाच्या लांबीतून, बांधणीच्या कोनातून आणि झुकण्याच्या इच्छेतून ठरते. शिंपी जसे अंगावरचे माप घेतल्याखेरीज कापडाला कात्री लावत नाही, तसेच पावलाचे माप घेतल्याखेरीज फळीचा आकडा उच्चारू नये. हे एकदा पाळले, की उतारावर पाठीमागे उमटणारी बारीक, अखंड रेघ मापाच्या अचूकपणाची साक्ष देईल.