पाय पुढं करायलाही शिकावं लागतं

मैत्रिणींनो,

आज एक वेगळाच विषय घेऊन तुमच्यापुढं आले आहे. तुम्ही म्हणाल, पापड-कुरडयांचे दिवस आले आणि बाईंना हे चर्चमधलं काय सुचलं! पण थोडा धीर धरा. विषय चर्चमधला असला, तरी तो आपल्या मोरीपर्यंत येऊन पोचणार आहे.

गेल्या पावसाळ्यात मी अंगणात घसरून पडले. घोट्याचं हाड मोडलं आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघालं तेव्हा त्या पायाकडं बघवेना. कातडी कोरडी, खपल्या निघालेल्या, नखं वाढलेली. संध्याकाळी सून टबात कोमट पाणी घेऊन आली, खाली बसली आणि म्हणाली, "आई, पाय द्या इकडं." मी पटकन पाय मागं ओढला. "छे गं, हे काय! माझं मी करीन. इतकी काही परस्वाधीन झाले नाही मी." ती काहीच बोलली नाही. टब उचलला आणि पाणी मोरीत ओतून आली. त्या दिवसापासून तिचं मला हवं-नको विचारणं कमी झालं. मला वाटत होतं, आपण तिचे कष्ट वाचवले. मग ही गप्प का?

त्याचं उत्तर मला मिळालं वसईच्या एका चर्चमध्ये. आमच्या शेजारच्या बाईंचं माहेर वसईचं, त्या कॅथलिक. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात त्या मला हट्टानं माहेरी घेऊन गेल्या. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाला तिथं पवित्र गुरुवार म्हणतात. त्या संध्याकाळच्या मिस्साला मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. सगळी प्रार्थना मराठीत, त्यामुळं परकं असं काही वाटलं नाही.

प्रवचन झालं आणि पुढं मांडलेल्या खुर्च्यांवर बारा माणसं येऊन बसली. कोणी शेतकरी, कोणी शाळेतली मुलगी, आणि शेवटी लाल लुगड्यातली एक आजी. फादरांनी अंगावरचा वरचा झगा उतरवून ठेवला, कमरेला टॉवेल बांधला आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. एकेकाच्या पायावर पाणी घालायचं, पाय पुसायचा, की पुढच्याकडं सरकायचं. आजींपाशी आले, तर आजींनी पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले! फादर काही बोलले नाहीत. तसेच गुडघ्यांवर थांबून राहिले. सगळं चर्च थांबलं. मग हळूच आजींनी एक पाय पुढं केला. भेगा पडलेला, चिखलात आयुष्य गेलेला पाय. माझ्या डोळ्यांपुढं एकदम आमच्या घरातला तो टब आला.

परतताना शेजारीणबाईंनी मला या विधीची कथा सांगितली. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात ती आहे. ज्या रात्री येशूला पकडलं, त्याच रात्री तो शिष्यांबरोबर जेवत होता. मध्येच तो उठला, कमरेला रुमाल बांधला आणि परातीसारख्या भांड्यात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी उघड्या चपला घालून धुळीच्या वाटांनी चालायचं. पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, आणि कोणी धुऊन द्यायचे झाले तर ते काम घरातल्या दासदासींचं. गुरूनं शिष्याचे पाय धुणं म्हणजे उलटीच गंगा. म्हणून पेत्र नावाच्या शिष्यानं साफ नकार दिला. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, असं तो म्हणाला. येशूनं त्याला सांगितलं की तू धुऊ दिले नाहीस, तर तुझा-माझा काही संबंध उरणार नाही.

बघा हं, केवढं मोठं बोलणं हे! घ्यायला नकार म्हणजे नात्यालाच नकार. पेत्राला वाटलं, आपण गुरूचा मान राखतोय. मलाही वाटलं होतं, मी सुनेचे कष्ट वाचवतेय. प्रत्यक्षात मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

आणि ही पाय धुण्याची गोष्ट बायकांची आहे बरं का. त्याच शुभवर्तमानात, काही दिवस आधी, बेथानी गावच्या मरियेनं येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून ते आपल्या केसांनी पुसले होते. ते तेल जटामांसीचं. आपण केसांच्या तेलात घालतो तीच, आपल्या हिमालयात उगवणारी. इतकं महाग, की मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी त्याला पडली असती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांच्या यादीत कोणाचं नाव घालायचं, याचे निकष दिले आहेत. वय साठीच्या पुढं, मुलांना नीट वाढवलेलं, पाहुण्यांचं केलेलं, आणि भक्तांचे पाय धुतलेले असावेत. म्हणजे घरोघरी हे काम बायकाच करत होत्या.

पण चर्चमध्ये मात्र उलट झालं. कॅथलिक चर्चमध्ये १९५५ साली हा विधी गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सात आणला गेला, तेव्हा पाय धुवायला पुरुषच निवडायचे असा नियम होता. काही ठिकाणी बायकांना बसवत असत, पण नियमात ते नव्हतं. २०१३ साली निवड झाल्यावर पंधरा दिवसांतच पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. पुढं जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला. २०२४ साली ते चाकाच्या खुर्चीत होते, तरी रोमच्या बायकांच्या तुरुंगात गेले आणि बाराही बायकांचे पाय धुतले. २०२५ च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या चारच दिवस आधी, ते पुन्हा तुरुंगात गेले. पाय धुण्याइतकं बळ अंगात नव्हतं, म्हणून नुसते भेटून आले.

इंग्लंडचे राजे-राण्याही पूर्वी या गुरुवारी गरिबांचे पाय धूत असत. पहिल्या एलिझाबेथ राणीनंही धुतले. पुढं ते बंद पडलं. आता राजाचं वय जितकं, तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया निवडून त्यांना खास नाणी देतात. चांगलंच आहे ते. पण पैसे हातावर ठेवायला वाकावं लागत नाही, नाही का?

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची पद्धत मला सगळ्यांत आवडली. (पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची.) त्यांच्याकडं बहुधा दर तीन महिन्यांनी, प्रभुभोजनाच्या आधी, सगळी मंडळी जोड्यांनी बसतात, बायका बायकांबरोबर, पुरुष पुरुषांबरोबर. आधी हिनं तिचे पाय धुवायचे, मग तिनं हिचे. नुसतं धुऊन सुटका नाही, धुऊनही घ्यायचे. येशूनं शिष्यांना सांगितलं तेही हेच, की एकमेकांचे धुवा. सगळा अर्थ त्या 'एकमेकांचे' या शब्दात आहे.

आपल्याकडंही पाय धुणं काही नवं नाही. लग्नात जावयाचे पाय धुतात, गुरूची पाद्यपूजा होते. पण तिथं लहान मोठ्याचे धुतो, मुलीकडचे मुलाकडच्यांचे धुतात. पाणी नेहमी एकाच बाजूनं वाहतं. चर्चमधल्या त्या विधीत मोठा खाली बसतो. म्हणून कोणी ही कथा सांगून तुम्हांला "बायकांनी आणखी सेवा करावी" असं शिकवू लागलं, तर ऐकू नका. सेवा आपण जन्मभर करतोच. आपल्याला जमत नाही ते पाय पुढं करणं. ताप अंगात असताना "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्या आपणच. नवरा चहा करायला उठला की "राहू द्या, पसारा कराल" म्हणणाऱ्याही आपणच. आणि मग "माझं कोणी करत नाही" म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्याही आपणच!

वसईहून आले त्या रात्री मी सुनेला हाक मारली. म्हटलं, "पाय फार दुखतोय गं. जरा गरम पाणी देशील?" ती टब घेऊन आली आणि खाली बसली. मला लाज वाटली, पण पाय मागं घेतला नाही. धुता धुता ती म्हणाली, "माझी आजी शेवटी अंथरुणावर होती तेव्हा तिचे पाय मीच धुवायची. तुमचा पाय बघून तिची आठवण आली होती." एवढंच. आणि मी त्या दिवशी तिला मोरीकडं पाठवलं होतं! दुसऱ्या दिवशी ती कामावरून दमून आली, तेव्हा टब मी भरला. "अहो आई, काय हे!" म्हणत तिनंही पाय मागं घेतलाच. मी म्हटलं, "आता तुझी पाळी. शिक."

जाता जाता दोन घरगुती सूचना. घरातल्या वृद्धांचे पाय धुताना पाणी कोमटच असावं, आणि ते आपल्या कोपरानं बघावं. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका लागलेला कळत नाही. त्यांचे पाय फार वेळ भिजत ठेवू नयेत. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या कराव्यात. तेल तळव्यांना, टाचांना लावावं, बेचक्यांत नको. लहानशी जखम किंवा फोड दिसला, तर घरचे उपाय न करता डॉक्टरांना दाखवावा.

आणि कोणी तुमच्यासाठी टब भरून आणला, तर पाय मागं ओढू नका.

तुमची,
ताई