बाळंतिणीची डोकेदुखी : निदान कोणी करायचे?

मानोऱ्याच्या तांड्यावर किंवा रिसोडकडील एखाद्या खेड्यात बाळंतिणीने डोके दुखते म्हटले, की घरची म्हातारी ‘वारा लागला’ म्हणते, कान बांधते, शेक देते. त्यात माया असते. निदान मात्र नसते.

ही डोकेदुखी बहुधा जागरणाची, मानेच्या ताणाची वा जुन्या अर्धशिशीची असते. सिझेरियनसाठी कण्यात भुलीचे इंजेक्शन दिले असेल, तर उठून बसताच वाढणारी व आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी त्या सुईमुळे असू शकते. परंतु डोळ्यांपुढे अंधारी येत असेल आणि रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक असेल, तर ती झटक्यांची पूर्वसूचना ठरू शकते. गरोदरपणी रक्तदाब ठीक असलेल्या स्त्रीलाही हा विकार प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत गाठू शकतो. दिवसेंदिवस वाढणारे दुखणे, उलट्या, हातपाय लुळा पडणे ही मेंदूतील नीलेत रक्त गोठल्याची लक्षणे असू शकतात. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची रूढी हा धोका वाढविते.

म्हातारीच्या रुमालाला दोष देऊन शासनाला मोकळे होता येणार नाही. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने स्त्रियांना प्रसूतीसाठी रुग्णालयापर्यंत आणले, हे निर्विवाद. परंतु बाळ-बाळंतीण घरी परतली, की व्यवस्थेची नजर आईवरून हटते. तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी आशा सेविका सहा वेळा घरी येते, तीही मुख्यतः बाळासाठी. बाळाचे वजन होते. आईचा रक्तदाब कोण मोजणार?

२०१८ मध्ये वाशिम ‘आकांक्षित’ जिल्हा ठरला. २०२४ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. त्याचे स्वागतच आहे. तथापि पहिल्या निदानाला महाविद्यालय लागत नाही. रक्तदाबमापक लागतो आणि तीन प्रश्न लागतात : दुखणे केव्हापासून, कशाने वाढते, सोबत आणखी काय होते? झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटही स्वस्त आहे. महाग पडतो तो विलंब.

म्हणून मागणी साधी आहे. पहिल्या आठवड्यात परिचारिकेने रक्तदाबमापक घेऊन प्रत्येक बाळंतिणीच्या दारी जावे, सहा आठवडे तपासणी चालू ठेवावी आणि धोका दिसताच वाहन मिळावे. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभेत मांडावी व लक्षणे घरोघर सांगावीत. सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या मजूर स्त्रीचे दुखणे सोसण्याचे आणि सधन घरातील स्त्रीचे तपासण्याचे, हा भेद निसर्गाने केलेला नाही.